रंगूनचा हिशेब आणि सासूबाईंचा हात

त्या दिवसांत मी विठ्ठलापुढे रोज हात जोडत होते खरी, पण त्याचं काही ऐकून घ्यायला नव्हे. माझं सगळं ठरलं होतं, त्यानं नुसती मान डोलवावी एवढंच मला हवं होतं. आम्ही म्हैसूरचे शिंपी. किती पिढ्यांमागं कोण कुठून इथं आलं ते आता कुणालाच सांगता येत नाही. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि गल्लीच्या टोकाला आमच्या लोकांचं विठ्ठलाचं देऊळ. दसरा जवळ आला की शिपायांचे डगले आणि हत्तींच्या झुली यांनी घर भरून जायचं. दसरा संपला की आमचे हे यंत्रापुढे बसून माशा मारायचे. अशात रंगूनहून एक शेटजी आले. आमच्याच लोकांतले, तिकडं मोठं दुकान टाकलेले. पगार इथल्या दुपटीहून जास्त आणि काम बारा महिने, असं त्यांचं बोलणं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू ठरव बाई. मला कापडाचं कळतं, संसाराचं तुला."

झालं! कापड बेतायच्या फळीवर मी खडूनं रेघोट्या ओढायला बसले. रंगूनला तांदूळ स्वस्त, पण खोलीचं भाडं ऐकूनच घाम फुटावा. जळण विकत, पाणी भरणाऱ्याला वेगळे पैसे. आगबोटीचं तिकीट ह्यांचं शेटजी देणार, माझं आमचं आम्ही बघायचं. कितीही ओढाताण केली तरी बेरीज दोघांचीच बसायची. तिसऱ्या माणसाला मोठी खोली हवी, आणि मोठी खोली घेतली की इथं काय नि तिथं काय, सारखंच. ते तिसरं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. डोळ्यांनी जवळजवळ अधू, आणि आमच्याशिवाय त्यांना कोणी नव्हतं. त्यांना देवळाच्या ओवरीत ठेवायचं मी मनात योजलं. आपले लोक आहेत, दोन घास कोणीही घालील, आपण पैसे पाठवू. रोज आरतीला उभी राहून मी हेच देवाला पटवत होते. आता सांगतानाही माझे कान गरम होतात.

खंडेनवमीला आमच्याकडे कात्री, सुया, यंत्र, सगळं देवापुढे पाटावर मांडतात. त्या दिवशी घरात टाका म्हणून कोणी घालत नाही. दसऱ्याच्या सकाळी घरातल्या थोरल्या माणसानं कात्री उचलून कर्त्याच्या हातात द्यायची, मगच वर्षाचं काम सुरू. त्या वर्षी सवारीच्या, म्हणजे महाराजांच्या दसऱ्याच्या मिरवणुकीच्या, डगल्यांची काही दुरुस्ती निघाली म्हणून ह्यांना पहाटेच बोलावणं आलं. सासूबाई अंघोळीला गेलेल्या. मी म्हटलं, थांबायचं कशाला? कात्री उचलली आणि दिली ह्यांच्या हातात. त्या ओल्या केसांनी आल्या, पाटावर हात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "दिलीस होय? बरं केलंस." मला तेव्हा काही वाटलं नाही. माझ्या मेलीच्या डोक्यात रंगून होतं ना!

दुपारी त्या म्हणाल्या, "सवारीला ने गं मला. दिसलं नाही तरी वाजंत्री ऐकीन." गेलो. गर्दी म्हणजे अय्यो देवा, मुंगीला वाट नाही. तेवढ्यात पलीकडे शेटजी दिसले. ते दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होते आणि आमचा होकार अजून द्यायचा होता. मी सासूबाईंना एका झाडाच्या बुंध्याशी उभं केलं. "आत्याबाई, इथंच थांबा, आलेच मी." त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. मी त्यांची बोटं सोडवली, एकेक करून. शेटजींनी विचारलं, "किती जण?" मी म्हटलं, "दोघंच."

परत आले तर झाड होतं, सासूबाई नव्हत्या. हत्ती पुढं सरकले तशी गर्दीची लाट आली होती आणि तिथली सगळी माणसं बदलली होती. मी हाका मारल्या, पण त्या वाजंत्रीत माझ्या हाकेला कोण विचारतो? तोंडातून एवढंच आलं, "विठोबा, मला काही नको. रंगून नको. एवढं माणूस दे." देवाला काही पटवून न देता मी तशी पहिल्यांदाच उभी होते.

तेव्हाच बाजूच्या गल्लीतून खणखणीत कन्नड ऐकू आलं. उसाच्या बैलगाडीवर सासूबाई हात जोडून बसल्या होत्या, आणि शेजारी उभा गाडीवान घसा बसेपर्यंत त्यांना सवारी सांगत होता. आता उंट आले, अम्मा. आता घोडे, पांढरे शुभ्र. चेंगराचेंगरीतून त्यानं त्यांना वर ओढून घेतलं होतं. मला पाहून तो म्हणाला, "तुम्हीच का मुलगी? अम्मा म्हणत होत्या, माझी मुलगी कामाला गेलीय, येईलच." सून आहे असं सांगायला माझी जीभ उचलेना. तो बन्नूर गावचा एवढंच कळलं. देव होता की माणूस, मी वाद घालत नाही. जे मी दाखवायचं ते त्यानं दाखवलं.

परतताना मी त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला होता. गल्लीत वळल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "अगं, फळीपाशी तू पुटपुटतेस ते मला ऐकू येतं. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. मी एकच वेळ जेवेन. निजायला चुलीपाशी कोपरा पुरे. मग बसतील का गं तिघं?"

भर रस्त्यात मी त्यांचे पाय धरले. त्याच पावली जाऊन शेटजींना नको म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "वेड लागलंय तुम्हाला." हे कळल्यावर ह्यांनी त्या रात्री दोनदा भात मागून घेतला. पुढं काम नसलेले महिनेही गेले, कसे ते त्या विठ्ठलालाच ठाऊक. आम्ही तिघंही उपाशी निजलो नाही, हे उपकार त्याचे.

अजूनही मी हिशेब करते, सवय जात नाही. पण देवळात शिरले की तो बाहेर ठेवते आणि नुसती त्याच्या पायांशी बसते. देवानं मला क्षमा केली असेल, तो करतोच. सासूबाईंनी मात्र माझ्यावर कधी रागच धरला नाही, आणि ज्यानं राग धरला नाही त्याच्याकडे क्षमा मागायची तरी कशी?