बंगईवरचं बारसं

माझा पीएच.डी.चा विषय ऐकून अमरावती विद्यापीठाच्या समितीतले एक ज्येष्ठ सर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले होते, "विषय चांगला आहे हो, पण आपल्या भागात सापडतील का अशी माणसं? मुंबई-पुण्याकडे बघा ना." लिंगओळख, कायदा आणि कुटुंब असा विषय होता. मुलगी म्हणून वाढवलेलं माणूस पुरुष म्हणून जगायला लागतं, कायदा ती ओळख मान्य करतो, आणि त्यानंतर त्याच्या घरात काय होतं हे मला बघायचं होतं. मी म्हटलं, "सर, माणसं आपल्याकडेही आहेत. विचारायला कोणी जात नाही, एवढंच." माझी जीभ अशीच आहे, आधी चालते आणि मग मला कळवते. शेजारी बसलेल्या मार्गदर्शक मॅडमनी टेबलाखालून मला पाय मारला. विषय मंजूर झाला.

मी अकोल्यात कायद्याच्या कॉलेजात शिकवते. त्याच वर्षी मी चाळिशी ओलांडून गाडी शिकायला लागले होते, आणि माझा शिक्षक होता तिशीतला एक हसरा तरुण. बारीक दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि पायाशी त्याच्या बाजूचा तो जादा ब्रेक, ज्याच्यावर माझा जीव अवलंबून असायचा. एकदा शिकता शिकता मी त्याला माझ्या संशोधनाबद्दल सांगत होते. अशी माणसं भेटायला हवीत, पण कुठे शोधू कळत नाही, असं काहीसं. तो काचेतून पुढे बघत म्हणाला, "मॅडम, ज्याले शोधून राहिल्या न तुमी, त्याच्याच गाडीत बसून राहिल्या."

टॉवर चौकात, भर गर्दीत, माझी गाडी बंद पडली. मागच्या ऑटोवाल्यांनी जे काही ऐकवलं ते मी प्रबंधात घेतलेलं नाही.

त्यानंतर त्याच्या मुलाखती गाडीतच झाल्या. घरी आईवडिलांसमोर मोकळं बोलता यायचं नाही, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बाकीची मंडळी, म्हणून फोनचा रेकॉर्डर समोर ठेवायचा आणि गोरक्षण रोडने चालू लागायचं. ती रेकॉर्डिंग ऐकून कागदावर उतरवताना मला हसू आवरेना. "नववीत असताना मले पयल्यांदा वाटलं का आपन... क्लच! मॅडम, क्लच!" किंवा, "त्या दिवशी मी लय रडलो... डावीकडे म्हैस हाये, पाहून घ्या." दुःखाची गोष्ट सांगतानाही त्याचा एक डोळा रस्त्यावर असे, आणि मला वाटतं, त्यामुळेच तो ती सांगू शकला.

संशोधनाचा नियम म्हणून मी त्याला लिहून दिलं होतं की तुमचं नाव कुठेही येणार नाही. प्रबंधात तुम्ही 'उत्तरदाता क्रमांक चार'. तो खवळला. "वा बाप्पा! एवढ्या चकरा मारून, साहेबाईच्या पाया पडून मी मायं नाव मिळवलं, अन् तुमी मले नंबर देऊन राहिल्या?" मी नियम समजावला. त्याने सही केली, पण पुढे कितीतरी दिवस फोन उचलल्यावर "हॅलो, चार नंबर बोलून राहिलो" असंच म्हणायचा. दिलेला शब्द मी इथेही पाळते आहे. त्यामुळे ही सगळी गोष्ट एका नावाची असूनही ते नाव इथे सापडणार नाही.

त्याचं बाकी सगळं मार्गी लागलं होतं. जिल्हाधिकारी कार्यालयातून ओळखीचं प्रमाणपत्र आलं, आधार बदललं, गाडी चालवायच्या परवान्यावरचं नाव बदललं. वडील एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. ते सुरुवातीला महिनाभर गप्प होते, मग एक दिवस स्वतःचं दाढीचं सामान त्याच्यापुढे ठेवून म्हणाले, "नवीन काहून घेतं? हे चालते अजून." आईने थोडे दिवस रडून घेतलं आणि मग त्याला पोरगा म्हणून हाक मारायची तिलाही सवय झाली. राहिली होती ती एकटी आत्या.

आत्या तेल्हाऱ्याला. वडिलांच्या सतत बदल्या, म्हणून लहानपणची बरीच वर्षं तो आत्याकडेच राहिला होता. तिनेच त्याला जेवायला घातलं, शाळेत सोडलं, तापात उशाशी बसली. जन्माच्या वेळी त्याचं जुनं नावही तिनेच ठेवलं होतं. त्याने फोन करून नवीन नाव सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही, रडली नाही. फक्त त्या दिवसापासून तिने त्याला कोणत्याच नावाने हाक मारली नाही. जुन्याही नाही, नव्याही नाही. सणाला तो तिच्याकडे गेला की ताट वाढायची आणि म्हणायची, "ऐकलं का, जेवून घ्या." नवऱ्याला हाक मारावी तसं! घरातले सगळे यावर हसायचे. तोही हसायचा. पण एकदा गाडी बाजूला घ्यायला लावून तो मला म्हणाला, "सारं जग हाक मारते मले, मॅडम. पोलीससुद्धा मारते. जिनं पयली हाक मारली होती, तिची तेवढी राहिली."

मी हळहळले आणि, खरं सांगायचं तर, खूषही झाले. माझ्या चौथ्या प्रकरणाला उदाहरण मिळालं होतं. प्रकरणाचं नाव मी ठेवलं, 'नातेवाइकांचा मूक नकार'. अमरावतीला मॅडमना दाखवलं तर त्यांनी समासात खूण करून 'उत्तम' लिहिलं. बडनेऱ्याहून परतीच्या गाडीत मी ते 'उत्तम' मूर्तिजापूर येईपर्यंत काढून बघत होते.

पण आत्याची बाजू घेतल्याशिवाय प्रकरण पुरं होईना. म्हणून मी तेल्हाऱ्याला गेले. आत्या गच्चीवर मुगवड्या घालत होती. मला बघून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, हात धुऊन यायला सांगितलं आणि पिठाचं अर्धं पातेलं माझ्यापुढे सरकवलं. रेकॉर्डर सुरू करायलाही हात कोरडा राहिला नाही. वड्या घालता घालता मी माझं भाषण सुरू केलं. न्यायालय काय म्हणतं, कायदा काय म्हणतो, स्वतःची ओळख स्वतः ठरवणं हा प्रत्येकाचा हक्क कसा आहे. वर्गात या भाषणावर पोरं टाळ्या वाजवतात.

आत्या म्हणाली, "वड्या लहान घाला, मोठ्या लवकर वायत नाईत उन्हात."

मग माझ्या दोन वड्या मोडून लहान करत तिनेच विचारलं, "तुमच्या कायद्यात नाव कोन ठेवते?"

"ज्याचं त्याने ठेवायचं, आत्या."

"अन् आत्यानं का कराचं?"

मला प्रश्नच समजला नाही. तिने पिठाचा हात झटकला आणि तिला तोंड फुटलं. "केस कापले तवा मी काई म्हनलं? पॅन्ट घातली तवा म्हनलं? दाढी आली तर मीच सांगतलं, नीट करत जाय, भुतावानी नको दिसू. पोट्टी होती का पोट्टा होता, मायं लेकरू होतं. पन नाव? बाई, आमच्या घरी नाव आत्या ठेवते! या घरातल्या एकेका लेकराच्या कानात मी सांगतलं हाये. अन् यानं साहेबाले इचारलं, कलेक्टरले इचारलं, अन् मले? फोन केला. 'आत्या, मायं नाव आता असं असं हाये.' जसा काई बँकेचा मेसेज! म्हनून मी म्हनलं, ज्याईनं ठेवलं त्याईनंच माराव्या हाका."

मी हातातली वडी तशीच धरून बसले. कोर्टाच्या निकालांपासून आंतरराष्ट्रीय तत्त्वांपर्यंत सगळं वाचून झालं होतं माझं, आणि माझ्या स्वतःच्या आत्याने माझ्या कानात 'कुर्र' केलं होतं, हे मला अख्ख्या प्रकरणात एकदाही आठवलं नव्हतं. मला इतकं हसू आलं की आत्या चिडली. मग तिलाही हसू आलं, आणि नंतर तिने डोळ्यांना पदर लावला. मला परतीच्या वाटेवर किती हलकं वाटत होतं ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी त्याला सगळं सांगितलं. त्याने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबून गाडी थांबवली. "इतकंच?" तो म्हणाला. मग, "इतकंच होतं?" मग बराच वेळ दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. हात काढले तेव्हा म्हणाला, "मंग बारसं करू."

"पण आत्या दुसरंच नाव ठेवेल, तर?" माझ्यातली वकील जागी झाली. बारशाला आत्या कानात काय सांगणार हे तिला कोणी आधी विचारत नाही. हे नाव त्याने कितीतरी वर्षं मनात जपलं होतं. आरशासमोर उभं राहून स्वतःलाच हाक मारून पाहिली होती. ते सगळं तो आता आत्याच्या हाती द्यायला निघाला होता. त्याने दोन दिवस विचार केला. मी तर नाव बदलायचा अर्ज पुन्हा कसा करायचा याची तयारी करून ठेवली. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "चार नंबर बोलून राहिलो. जे सांगाचं ते सांगू दे तिले. मान तिचा हाये."

मार्गदर्शक मॅडमना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, तू संशोधक आहेस, सोयरी नाहीस. लांबून निरीक्षण कर." मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "किती वाजता आहे?"

तीस वर्षांच्या माणसाला पाळणा कुठून आणणार? त्याच्या घरात बंगई होती, ओसरीत लोखंडी कड्यांना टांगलेला झोपाळा. तिलाच झेंडूच्या माळा आणि फुगे बांधले. गल्लीतल्या बाया जमल्या, ड्रायव्हिंग स्कूलची मंडळी आली, अमरावतीहून मॅडम आल्या आणि लांबून निरीक्षण करायचं म्हणून सगळ्यांत पुढे बसल्या. वडिलांनी आत्याला एसटी स्टँडवरून आणलं. आत्याने आल्या आल्या पिशवीतून तिचा आहेर काढला. नवा शर्ट, आणि मोठ्या माणसाच्या मापाचं, झालर लावलेलं, हाताने शिवलेलं टोपडं.

हसून हसून लोकांच्या पोटात दुखायला लागलं. तो मात्र मुकाट्याने बंगईवर बसला, टोपड्याची नाडी हनुवटीखाली बांधून घेतली, दाढीसकट. मी इतकं देखणं बाळ पाहिलेलं नाही.

आत्या त्याच्या कानाशी वाकली. बायांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली, कुर्रर्र करत. सर्वांत जोरात मॅडमचे. आत्या बोलतच राहिली. नाव सांगायला एवढा वेळ लागत नाही, एवढं तर मलाही कळत होतं. त्याचे डोळे मिटलेले होते आणि बंगईच्या कड्या कुरकुरत होत्या. आत्या सरळ झाली तेव्हा तो टोपड्यात तोंड खुपसून रडत होता की हसत होता, कोणालाच सांगता येईना.

"का ठेवलं? सांगा नं!" बाया ओरडल्या.

"ज्याचं हाये त्याले समजलं," आत्या म्हणाली. "तुमाले समजन. घाई कायची? आंधी घुगऱ्या वाटा."

आणि ती पदर खोचून स्वयंपाकघरात निघून गेली. माझा जीव टांगणीला. मी घुगऱ्यांचा द्रोण घेऊन त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि हळूच विचारलं, "कोणतं?" त्याने मान हलवली, पण हो की नाही ते कळू दिलं नाही. त्याच्या गालांवर अजून ओल होती.

तेवढ्यात आतून आवाज आला. वरणाचा गंज, ते भलंमोठं पातेलं, चुलीवरून उतरवायचा होता आणि उचलायला कोणी नव्हतं. आत्याने हाक मारली. मोठ्याने, वैतागून, अगदी घरच्यासारखी. तेच नाव होतं. त्याने आरशासमोर उभं राहून स्वतःला मारलेल्या हाकेतलं, कलेक्टरच्या सहीचं, त्याचं स्वतःचं नाव. ओसरीत बायांनी टाळ्या वाजवल्या.

तो हलला नाही.

"अहो, बोलावतात आत तुम्हाला," मी म्हटलं. मी त्याला अगदी खेटून उभी होते, त्याला नीट ऐकू गेलं होतं, हे मला पक्कं माहीत आहे. त्याने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं आणि तसाच बसून राहिला, टोपडं घालून, दाराकडे कान लावून, आत्या दुसऱ्यांदा हाक मारेपर्यंत.