साडभाऊंची खिडकी

देवानं माणसाला मान दिली ती खिडकीतून बाहेर पाहण्यासाठीच, अशी आमच्या साडभाऊंची ठाम समजूत आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात नागपुरात, पण जीव अडकलाय नरखेडकडच्या गावात, धाकट्या भावानं सांभाळलेल्या संत्र्याच्या बागेत. एसटी फलाटाला लागते न लागते तोच त्यांचा दुपट्टा खिडकीतून आत पडलेला असतो, आणि तोही सावलीच्या बाजूला. माझ्या साखरपुड्यात सगळे वडीलधारे मला संसाराचा उपदेश करत होते, तेव्हा यांनी कानाशी येऊन सांगितलं, "काटोलले सकाळी जाचं असन तं डाव्या बाजूले बसजा. ऊन लागत नाई."

विमानात पाऊल न ठेवताच ते विमानाच्या खिडक्यांचेही जाणकार झाले. नात्यातलं कोणी दिल्लीला निघालं की यांचा फोन ठरलेला. "उजव्या बाजूले रामटेक, डाव्या बाजूले आमची बाग. पंखाजवळ बसू नका." माझी बायको एकदा वैतागून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही कधी बसले विमानात?" ते शांतपणे म्हणाले, "बसाले कायले पाह्यजे वं? नकाशा हाय ना!"

शेवटी दिल्लीच्या लेकीनं तिकीट पाठवलं. साडभाऊ आठवडाभर गच्चीवर उभं राहून विमानं कुठून वळतात ते पाहत होते. ज्या बागेत लहानपण गेलं ती एकदा वरून, अख्खी, नजरेत भरून घ्यायची, एवढीच त्यांची इच्छा होती. डावी बाजू, पंखाच्या मागची जागा पक्की झाली. भावाला निरोप गेला, विहिरीजवळ लाल कापड पसर आणि बांधावर उभा राह्य. भावजयीनं तर लग्नातला शालूच ट्रंकेतून काढला.

पुढचं सगळं त्यांनी मला परवा, त्यांच्या गावाला जाताना एसटीत सांगितलं. घरी अजून कोणाला ठाऊक नाही. विमानात ते जागेवर जाऊन बसले, तर पुढच्याला खिडकी, मागच्याला खिडकी, यांच्या बाजूला नुसती भिंत! आधी वाटलं, झाकण असेल. ठोकून पाहिलं, नखानं ओढून पाहिलं. मग हवाई सुंदरीला हाक मारली. "बाई, इथं खिडकी बसवाची राहून गेली." ती गोड हसून म्हणाली, या रांगेत नसतेच. विमान गच्च भरलेलं. पुढच्याच्या खिडकीतून मान वाकडी करून पाहिलं, तर पंखाचं टोक. तेवढ्यात नरखेड मागे पडलं.

दिल्लीला उतरून फोन सुरू केला, तो भावाचाच आला. "भाऊ, दिसलो का?"

उन्हात उभे असतील सगळे, या विचारानं साडभाऊंच्या तोंडून निघून गेलं, "दिसला ना गा! शालू दिसला, तूही दिसला. डोक्यावर टोपी नव्हती तुह्या."

पलीकडून भाऊ बायकोला ओरडून म्हणाला, "अवं, भाऊनं मले वळखलं वं! टोपीच तं हलवून राहिलो होतो मी!"

तेव्हापासून गावावरून विमान गेलं की भाऊ फावडं टाकून बांधावर येतो आणि टोपी हलवतो. "भाऊ तं नागपुरात हाय, मंग कोणाले हलवता?" असं भावजयीनं विचारलं की म्हणतो, "कोणाचा ना कोणाचा भाऊ बसलाच असन खिडकीपाशी."

गाव अजून बरंच लांब होतं, तरी एवढं सांगून साडभाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि खिडकीबाहेर हात काढून हलवायला लागले.

"साडभाऊ, इतक्या दुरून त्याला काय दिसणार?" मी म्हटलं.

"नाई दिसू दे," ते बाहेरच पाहत म्हणाले. "पण इचारलं तं 'दिसले' म्हणन तो. भाऊच हाय माह्या."

आणि गाव येईपर्यंत दुपट्टा हलवत राहिले.