निर्वंश उमरावांचे आप्त

इंग्लंडात कुठला उमराव निपुत्रिक वारला, की मिशिगनमधल्या ट्रॉय गावात एका घरात सुतक पडायचं. आपलं इतकं जवळचं कोणी अमेरिकेत आहे याची गेलेल्या माणसाला जन्मभर कल्पना नसायची, पण त्याला इलाज नव्हता. सुतक हा शब्द माझा. त्या घरात असले शब्द चालत नसत. घरचे गृहस्थ मूळचे नागपूरचे, एका मोटार कंपनीत वायपरचे इंजिनिअर. प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायच्या एका पॉटलकला ते भाताची ताटली हातात धरून नुसतेच बसले होते. मी विचारलं, "बरं नाही का?" तर म्हणाले, "वहिनी, आज एक बॅरन गेले. शेवटचे. चारशे वर्षांचा किताब बंद पडला हो." मी घाबरून विचारलं, "तुमच्या ओळखीचे होते?" "छे छे, ओळख कुठली! पण त्यांचे पणजोबा मला चांगले माहीत होते." पलीकडून त्यांची बायको ओरडली, "वहिनी, तुम्ही जेवा! यांचं मयत रोजचंच आहे." माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने त्यांचं नाव लॉर्डकाका ठेवलं आणि ते गावभर झालं.

नव्वदीच्या दशकातल्या त्या वर्षांत आमच्या ओळखीचे बाकीचे पुरुष शनिवारी लॉनवर मशीन फिरवायचे किंवा ग्रीन कार्डाचं कुठवर आलं यावर एकमेकांना घाबरवायचे. लॉर्डकाका लायब्ररीत जायचे. तिथे उमराव घराण्यांच्या वंशावळींचा एक जाडजूड लाल ग्रंथ होता, तो घरी न्यायला देत नसत. काका टोकदार पेन्सिलीने त्यातून उतरवून घ्यायचे आणि घरी तळघरातल्या पिंगपाँगच्या टेबलावर ऑफिसमधले रद्दी ड्रॉइंगचे लांब कागद उलटे पसरून त्यावर वंशवृक्ष काढायचे. त्या टेबलावर पिंगपाँग कोणी खेळल्याचं मला आठवत नाही. जिवंत घराण्यांत त्यांना गोडी नव्हती. "त्यांचं बघायला त्यांचे वकील आहेत," म्हणायचे. त्यांचा जीव बंद पडलेल्या किताबांवर. त्यातही तीन जाती. वारसच संपला तो मेलेला किताब. वारस कुठेतरी असेल पण पुढे येत नाही, तो झोपलेला. आणि काही जुन्या किताबांत नुसत्या मुलीच उरल्या तर तो मरत नाही, त्या बहिणींमध्ये लोंबकळत राहतो, आणि दोनतीनशे वर्षांनी एकीच्याच वंशात कोणी उरलं तर पुन्हा उठून बसू शकतो. मला एकच मुलगी, आणि पुण्याहून सासूबाईंच्या प्रत्येक पत्रात 'वंश' हा शब्द एकदा तरी यायचा. एकदा मी रडकुंडीला येऊन असंच एक पत्र वाचून दाखवलं, तर लॉर्डकाका शांतपणे म्हणाले, "त्यांना कळवा, बुडालेला नाही. लोंबकळतोय." मी खरंच तसं कळवलं. पुढचे चार महिने पत्र आलं नाही.

बरं, हा छंद स्वतःपुरता ठेवावा, तर तेही नाही. एकदा त्यांचा वॉटर हीटर बिघडला म्हणून एक आडदांड प्लंबर आला. त्याचं आडनाव ऐकताच काकांचे डोळे चमकले. त्याला तळघरातच पिंगपाँगच्या टेबलाशी बसवून त्यांनी तीन तास प्रश्न विचारले. आजोबा कुठले? त्यांना थोरला भाऊ होता का? बोटीने कोण आलं? शेवटी प्लंबर म्हणाला, "म्हणजे मला किल्ला मिळणार का?" काकांनी सांगितलं, किल्ला पूर्वीच पडला, पण तुमच्या पणजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला मिळाला तर एक झोपलेला किताब जागा होऊ शकतो. तो बिचारा चहाचे तीन कप पिऊन खुशीत निघून गेला. हीटर तसाच राहिला. काकू दोन दिवस गार पाण्याने आंघोळ करत होत्या आणि उमरावांच्या वंशावळीत नसलेले शब्द उच्चारत होत्या.

आता माझ्याबद्दल सांगते, म्हणजे हसायला दुसरा माणूस शोधायला नको. मी तेव्हा पस्तिशीची, आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. पुण्याहून येताना मी मेतकुटाचा डबा काढून ठेवून त्या जागी सासरचा छापील कुलवृत्तांत आणला होता. चौदा पिढ्या, पुठ्ठ्याची बांधणी, मागे शुद्धिपत्र. आल्यागेल्याला दाखवायची, जणू त्या चौदा पिढ्या मीच प्रसवले होते. पहिल्यांदा लॉर्डकाकांकडे जेवायला गेलो, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "परक्यांच्या वंशावळी किती कराल? तुमची स्वतःची दाखवा की!"

"माझा कागद लहान आहे वहिनी," ते हसून म्हणाले. "बाबा, आजोबा, मग कोरा."

इथे गप्प बसावं की नाही? पण शहाणी! मी म्हटलं, "असं कसं? नाशिकला, त्र्यंबकला भटजींच्या वह्या असतात, त्यात सगळी नावं सापडतात. तुमचे आजोबा गेलेच असतील की कधीतरी!"

काकूंनी हातातला डाव भांड्यात ठेवला. समोर बुद्धाची मूर्ती होती, भिंतीवर निळा झेंडा होता, सगळं मला दिसत होतं, फक्त डोक्यात शिरत नव्हतं. "वहिनी," काकू म्हणाल्या, "आमच्या आजोबांना त्या वहीपर्यंत कोण जाऊ देणार होतं?" मी पुढची दहा मिनिटं वरणाची फार तारीफ केली. लॉर्डकाकांनी मला आणखी वाढलं. तो त्यांचा स्वभाव.

पुढे चौथीच्या वर्गात त्यांच्या मुलीला आणि माझ्या मुलीला शाळेने एकच काम दिलं: आपला वंशवृक्ष. छापील कागदावर चौकोन, आईबाप, आजीआजोबा, आणि सगळ्यात वर पणजोबा-पणजींचे आठ. बायकांच्या चौकोनात लग्नाआधीचं नाव लिहायचं. मी कुलवृत्तांत घेऊन ऐटीत त्यांच्या घरी गेले, मुली एकत्र बसून लिहितील म्हणून. तासाभराने कळलं, की चौदा पिढ्यांच्या त्या ग्रंथाने आठांपैकी दीड चौकोन भरला होता. एक पणजोबा पूर्ण. त्यांच्यापुढे 'भार्या लक्ष्मी', म्हणजे लग्नात ठेवलेलं नाव. त्याआधीची ती कोण, ग्रंथाला ठाऊक नव्हतं. "But what was her real name, Aai?" मुलगी विचारत होती आणि मी शुद्धिपत्र चाळत होते.

लॉर्डकाकांच्या मुलीच्या कागदावर काकूंकडचे चार चौकोन भरले होते; काकांकडच्या चारांत त्यांच्या आजोबांचं एक नाव, बाकी तीन कोरेच. काकू नवऱ्यावर भडकल्या. "उमरेडच्या आत्या ऐंशीच्या पुढे गेल्या. त्यांच्याशिवाय कोणाला काही माहीत नाही. पाच वर्षं सांगतेय, फोन करा, विचारून घ्या. यांना आपले अर्ल आणि बॅरन!"

काका पेन्सिलीचं टोक बघत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, इंग्रजांची नावं छापलेली आहेत, ती कुठे जात नाहीत. आत्याला विचारलं आणि तिला नाहीच आठवलं तर? विचारलं नाही तोवर निदान झोपलेलं आहे, असं म्हणता येतं."

त्यांचं बोलणं संपायच्या आत काकूंनी फोन कार्डावरचा नंबर फिरवला होता. ट्रॉयला सकाळ, उमरेडला दिवेलागण. फोन आत्याबाईंच्या शेजारच्या घरचा, तिकडच्यांनी त्यांना हाका मारून आणलं, इकडे काकूंनी स्पीकर लावला.

"जयभीम आत्या, मी बोलून राहिलो."

"जयभीम. काऊन रे, आज कशी आठवण आली? तब्येत बरी हाय ना?"

"आत्या, माझ्या आजीचं नाव काय होतं? लग्नाआधीचं?"

"कोनत्या आजीचं? बापाच्या मायचं का मायच्या मायचं?" "दोघींचं," काकू ओरडल्या.

"बापाची माय, म्हंजे माही माय, भागा. ते मिलमधी होती, मागाच्या धोट्यानं बोट गेलं तिचं. भागाची माय रखमा. रखमाची माय सीता, तिनं त्या रस्त्याची खडी फोडली, आता मोटरी चालतात त्याच्यावर. तुझ्या मायची माय पुतळा..." त्या सांगत गेल्या, आईकडून आईकडे, मध्ये एकदाही न अडखळता. काका लिहून घेत होते. तारखांचे इतके काटेकोर, पण "लग्न कधी झालं?" याला "पुराच्या साली" असं उत्तर आलं, तर त्यांनी तसंच लिहिलं, पुराच्या साली. चौकोन भरले, मग मुलींनी वर दुसरा कागद चिकटवला, मग तिसरा.

"कायले पायजेत रे ही नावं? रेशनकार्डाले?"

"नाही आत्या. लेकीच्या शाळेत द्यायची आहेत."

पलीकडून आवाज आला, "अमेरिकेच्या शाळेत रखमाचं नाव लिवनार? मंग नीट अक्षरात लिव बाप्पा."

आत्याबाई पुढच्या थंडीत गेल्या. त्यानंतर लाल ग्रंथाशी काकांची सोयरीक पातळ झाली. उन्हाळ्यात व्हिजिटर व्हिसावर कोणाचे आईवडील आले, की हे पेन्सिल घेऊन हजर. "मावशी, तुमच्या सासूबाईंचं माहेरचं नाव काय हो?" लोक वैतागायचे, पण मावश्या खुलायच्या. माझी आई आली तेव्हा तिच्याशी तीन दुपारी आपल्या तळघरात बसले. माझ्या वडिलांच्या आईचं, आमच्या मोठ्या आईचं, लग्नाआधीचं नाव तिला माहीतच नव्हतं. वडील जाऊन दहा वर्षं झालेली, विचारायचं कोणाला? तिसऱ्या दुपारी आई एकदम म्हणाली, "मी नवी नवरी असताना भाऊबीजेला सासूबाईंचा म्हातारा भाऊ आला होता. त्याने दारातूनच हाक मारली होती, 'चिमे!' आणि सासूबाई अशा धावल्या, की मी त्यांना तसं धावताना पुन्हा कधी पाहिलं नाही."

लॉर्डकाकांनी लिहिलं: चिमा. पुढे प्रश्नचिन्ह. मी म्हटलं, हे काही खात्रीचं नाही. ते म्हणाले, "प्रश्नचिन्हासकट असू द्या वहिनी. कोऱ्यापेक्षा बरं."

आता आई नाही, लॉर्डकाकाही नाहीत. तो कागद माझ्या मुलीकडे आहे, तिच्या मुली त्यावर बोट फिरवतात. मी मोठ्या आईच्या मांडीवर वाढले, पण तिचंही कधी दुसरं नाव असेल असं माझ्या मनातही आलं नाही. तिचा भाऊ गेल्यानंतर ते नाव पुन्हा मोठ्याने घेतलं गेलं ते ट्रॉयमधल्या एका तळघरात, आणि कागदावर उतरवलं ते नागपूरच्या एका इंजिनिअरने. आणि लिहिण्याआधी त्याने पेन्सिलीला नवं टोक काढलं होतं.