‘आलेच, काका!’

‘आलेच, काका!’ म्हणून ती खुर्चीवरून उठली, की समजायचं, आता ही संध्याकाळपर्यंत दिसत नाही.

इंदापुरात तहसील कचेरीसमोर माझं अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. दोन संगणक, एक झेरॉक्सचं मशीन आणि ती. बावीस वर्षांची, भवानीनगरहून रोज एसटीनं यायची. टायपिंगचा वेग असा, की कीबोर्डातून धूर निघायचा आणि मी शेजारी पाण्याची बादली भरून ठेवायचो. पण अर्ज अर्ध्यावर आला, की बाहेर कुणाचं तरी लेकरू रडलेलं तिला ऐकू यायचं. ‘आलेच!’ एकदा एका म्हातारीला गाडीत बसवायला गेली, ती तिच्याबरोबर थेट टेंभुर्णीला पोचली. मी चहाच्या टपरीवर सांगताना टेंभुर्णीचं सोलापूर केलं. पुढच्या आठवड्यात हैदराबाद.

लोक पोट धरून हसायचे. तीही हसायची, सगळ्यांत मोठ्यानं.

तुमच्याही ओळखीत असेल अशी एखादी. दोन पायांत दोन वेगळ्या जोडांच्या चपला, डबा बसमध्ये, मोबाइल फ्रिजमध्ये. घरी ‘येंधळी’, शाळेत ‘बेशिस्त’. कॉलेज दोनदा सुटलं. ती म्हणायची, ‘माझं डोकं म्हंजे एसटी स्टँड हाय, काका. समद्या गाड्या एकदम लागत्यात.’

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी त्या स्टँडला नाव दिलं, एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा आजार. तिच्या आईबरोबर मीही गेलो होतो. बाई आम्हा दोघांना बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘हा आळस नाही. औषध लागेल, समुपदेशनही लागेल. लहानपणापासून बोलणी खाल्लेली ही मुलं आतून खचतात. जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा धोका त्यांना जास्त असतो. हसण्यावारी नेऊ नका. शंका आली तर सरळ विचारा आणि लगेच घेऊन या.’

परतताना मी गाडीत म्हणालो, ‘मला बी त्योच आजार हाय. बायकोचं नावच आठवंना.’ मायलेकी हसल्या. गोळ्या दोन महिने चालल्या. मग तिची आत्या म्हणाली, ‘हिच्याशी लगीन कोन करंल?’ गोळ्या बंद झाल्या.

एकदा टपरीवरून येताना ती म्हणाली, ‘काका, तुमच्या गोष्टीत मी एकदा बी काम पुरं करत न्हाय, व्हय?’

‘अगं, पुरं केलंस तर गोष्ट कशी व्हायची?’

‘व्हय. ते बी खरंच.’

सरळ विचारायची वेळ ती होती. मी तंबाखू मळत होतो.

त्या शुक्रवारी तिनं पडून राहिलेले सगळे अर्ज पुरे केले. ड्रॉवर आवरला. सांडलेल्या टाचण्यासुद्धा डबीत भरल्या. मी दारातून टपरीकडं ओरडलो, ‘आज सूर्य मावळतीला उगावला रं!’ ती पर्स घेऊन उभी राहिली.

‘जाते, काका.’

आपल्याकडं असं कुणी म्हणतं का? सातासमुद्रापार निघालेला माणूसही ‘येतो’ म्हणतो. मी मोबाइलमधून मान वर न काढता दटावलं, ‘जाते न्हाय, येते म्हनावं!’

ती थोडा वेळ दारात उभी होती, असं टपरीवाला सांगतो. मी पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी तिच्या भावाचा फोन आला. तिनं स्वतःचा जीव घेतला होता.

गेल्या आठवड्यात टेंभुर्णीची ती म्हातारी दुकानात आली. ‘पोरगी कुठं हाय रं, बाळा? मला त्या दिशी चक्कर आली हुती. हात धरून पार घरापातुर आली. खाटंवर निजवलं, पानी पाजलं, सून रानातनं येईस्तवर बसून ऱ्हायली. मगच गेली.’

म्हणजे ते काम तिनं पुरं केलं होतं. सोलापूर आणि हैदराबादच्या भानगडीत मी तिला ते कधी विचारलंच नव्हतं.

आयुष्यभर थापा मारलेला माणूस मी. आणखी एक मारली.

‘आलीच, आजी,’ मी म्हणालो. ‘बसा.’

आजी पिशवी मांडीवर घेऊन दाराकडं बघत बसली.