शाडूवरचे चरे

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. धाकटी बहीण हिमालयात ट्रेकिंग करून आली आणि पेणच्या घरात तिचंच राज्य सुरू झालं. बाबा निवृत्त भूगोल शिक्षक. जन्मभर फळ्यावर हिमनद्या काढल्या, प्रत्यक्षात एकही पाहिली नाही. बहीण धुऊन आणलेले फोटो पसरायची आणि सांगायची: ही रुंद, सपाट तळाची दरी बर्फाने कोरलेली, हे कातळावर एकाच दिशेने गेलेले चरे, हा कुठून तरी वाहत आलेला एकटा धोंडा. बाबांचा चहा गार व्हायचा. मी मात्र नवऱ्याची धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट सांभाळून रोह्याहून यायचे आणि कोपऱ्यात बसून जळायचे. खोटं कशाला बोलू, तिचं तोंड दाबावंसं वाटायचं.

कारण हिमनदी मुळात माझी होती. मी शाळेत असताना बाबांनी मासळीबाजारातून बर्फाची लादी आणली होती. तिच्या खालच्या अंगाला खडे रुतवले आणि गणपतीच्या कारखान्यातून मागून आणलेल्या ओल्या शाडूवरून ती मला ओढायला लावली. बर्फ वितळला, चरे राहिले. "हिमनदी जाते, पण खूण ठेवते," बाबा म्हणाले होते. बहीण तेव्हा पाळण्यात होती.

एका रविवारी आम्ही तिघं रोह्यामागच्या डोंगरातल्या घळीत गेलो. बहीण पुढे, तिच्यामागे बाबा, शेवटी डबा घेऊन मी. ओढ्याकाठच्या कातळावर मला शेजारीशेजारी चरे दिसले आणि मी ओरडलेच, "बाबा, हिमनदी!"

दोघंही हसले. "अगो, रोह्यात कुठली हिमनदी? लाकूडफाट्याला जाणारे इथं कोयते घासतात," बाबा म्हणाले.

इतकी वर्षं रोह्यात काढून मला हे कळू नये! पण मला त्या दिवशी हिमनदीच हवी होती.

चऱ्यांवरून बोट फिरवताना बाबांचा चेहरा एकदम उजळला. ते बहिणीकडे वळले. "आठवतं का गो, बर्फाची लादी ओढली होतीस तू शाडूवर?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "नाय बाबा, ती ताई. मी पाळण्यात होते."

खोटं बोलली असती, तर तिचा मनसोक्त राग तरी करता आला असता.

"असं व्हय?" बाबा म्हणाले आणि पुन्हा तिलाच विचारू लागले, "मग तिकडचे चरे याच्याहून खोल होते का?"

मी डबा उघडला. पहिली भाकरी बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती मोडून अर्धी तिला दिली.