गंगूची शुगर

मोरिवलीत भीमरावांचं घर म्हणजे आजाऱ्याचं घर, असं सगळे म्हणत. कंपनीत फिटर म्हणून आयुष्य गेलं, निवृत्तीआधीच शुगर आणि बीपी मागे लागलं, पुढे हृदयात स्टेंट बसला. कोरोना आला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "तुम्हाला झाला तर जड जाईल. उंबरा ओलांडू नका."

तेव्हापासून त्यांच्या बायकोने, गंगूने, बाहेरचं सगळं स्वतःकडे घेतलं. भाजी, रेशन, त्यांच्या गोळ्या. आली की मोरीत हातपाय धुऊन मगच घरात. भीमराव कुरकुरले की म्हणायची, "तुम्ही गप बसा. मला काय धाड भरलीय?"

दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात तिला सारखी तहान लागू लागली. पायाला चप्पल चावली, ती जखम चिघळत राहिली.

"दाखवून ये ना," भीमराव म्हणाले.

"ऊन आहे हो, सगळ्यांनाच तहान लागते. आणि दवाखान्यातून रोग घेऊन आले तर तुमचं काय?"

हे त्यांनाही पटलं. शुगरची सगळी लक्षणं त्यांना पाठ होती, पण ती स्वतःच्या अंगावरची. तिच्यात ती शोधावीत असं सुचलंच नाही.

मग दोघांनाही ताप आला. भीमरावांचा उतरला. गंगूला मात्र बोलताना धाप लागायला लागली. बदलापूरहून लेक माया धावत आली, कशीबशी रिक्षा मिळवून तिने आईला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फोनवर भीमरावांना विचारलं, "बाईंना शुगर किती वर्षांपासून आहे?"

"तिला नाही साहेब. शुगर मला आहे."

"काका, त्यांची फार वाढलीय. बऱ्याच दिवसांची असणार. कधी तपासलीच नाही का?"

कोरोनाआधी दर महिन्याला गंगू भीमरावांना तपासणीला घेऊन जायची आणि बाहेरच्या बाकावर त्यांची पिशवी धरून बसायची.

गंगू परत आली नाही. चेहराही लांबूनच दिसला. घरी तसबिरीपुढे मेणबत्ती लावून बापलेकीने त्रिशरण म्हटलं. भीमरावांचा आवाज मध्येच बसला, पुढचं मायाने एकटीने पुरं केलं. लोक म्हणाले, "देवमाणूस, नवऱ्यासाठी गेली." ते ऐकलं की त्यांना तिथून उठून जावंसं वाटे.

वर्ष सरायच्या आत ते शुगर तपासून घे म्हणून मायाच्या मागे लागले. ती टाळायची, "बाबा, ऑफिस, घर... वेळ कुठंय?" एका रविवारी ते स्वतः बदलापूरला गेले, तिला उपाशीपोटी लॅबमध्ये नेलं आणि सुई टोचेपर्यंत शेजारून हलले नाहीत.

शुगर निघाली. अगदी सुरुवातीची होती. "वेळेवर आलात, गोळीवर आणि चालण्यावर आटोक्यात राहील," डॉक्टर म्हणाले.

माया गोळ्या घ्यायला दुकानात गेली. भीमराव रस्त्याच्या कडेला उभे राहिले, तोंडाला रुमाल लावला आणि गंगू गेल्यापासून दाबून ठेवलेलं रडू तिथेच मोकळं केलं.