चहात दुःख नको

भन्ते उपसेन रोज सकाळी डाव्या तळहातावर निळ्या पेनाने तीन मराठी शब्द लिहायचे. भिक्खूच्या चीवराला खिसा नसतो आणि वही ते कुठेही विसरून यायचे, म्हणून तळहात. दिवसभर हात डोळ्यांसमोर धरून, ओठ हलवत शब्द घोकायचे. जालन्याच्या उन्हाळ्यात दुपारपर्यंत घामाने सगळं पुसट होऊन जाई. मग ते हसून तळहात मला दाखवायचे आणि म्हणायचे, "टीचर, मराठी वाहून गेलं."

ते श्रीलंकेचे. समुद्राकाठच्या एका गावातून धम्म सांगायला इकडे आलेले. साठी उलटलेली, उंच, मानेत किंचित वाकलेले. जुन्या जालन्यात आमच्या गल्लीमागच्या विहारात त्यांची राहायची सोय केली होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून विहाराच्या मंडळींनी मला त्यांची दुभाषी नेमलं. ते इंग्रजीत बोलायचे, मी मराठीत सांगायचे. मराठी माणूस प्रत्येक गोष्टीला 'चालेल' म्हणतो याची त्यांना फार गंमत वाटे. वरण पातळ झालं, चालेल. सभेला नऊच माणसं आली, चालेल. हा शब्द त्यांना तळहातावर लिहावा लागला नाही.

एप्रिलात मंठ्याकडच्या एका गावातून निरोप आला. कौसाबाईची मुलगी सविता तीन आठवड्यांपूर्वी विहिरीत बुडून गेली होती. भरदुपारी पाणी आणायला म्हणून गेली. पाय घसरला की आणखी काही, कुणीच पाहिलं नव्हतं. तेव्हापासून कौसाबाई जेवत नव्हती, सारखी विहिरीवर जाऊन बसत होती. भन्तेजींना एकदा घेऊन या, असं भावकीतल्या लोकांचं म्हणणं होतं.

आम्ही सकाळच्या एसटीने निघालो. भन्ते दुपारी बारानंतर जेवत नसत, म्हणून अकराच्या आत गावात पोचून जेवायचं असं ठरलं होतं. मंठा यायच्या आधीच एसटी बंद पडली. रस्त्याच्या कडेला झाड नाही, सावली फक्त बसचीच. तासाभराने एक जीप मिळाली, तिने आम्हाला फाट्यावर सोडलं तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. फाट्यावर त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. पुढे दोन किलोमीटर तापलेल्या डांबरावरून ते अनवाणी चालले. मी माझी चप्पल देऊ केली, तर पायांकडे बघून म्हणाले, त्यात माझी फक्त बोटं मावतील, ती एकटी पुढे जाऊन काय करणार? थोड्या वेळाने, मराठीत, एकेक शब्द जोडत बोलले, "तुमच्याकडे सगळं चालतं. बस फक्त चालत नाही."

त्यांच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. मला राग येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. ते मात्र वाटेत दिसलेल्या प्रत्येक बैलाला हात जोडत होते.

घरात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. कौसाबाई कोपऱ्यात, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. भन्तेंना खुर्ची दिली. कुणीतरी चहा टाकला. बारानंतर त्यांना दूध चालत नसे, कोरा चहा चाले, आणि हे आपण स्वतः मराठीत सांगायचं असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी तळहात पाहिला. अक्षरं फिसकटली होती. मग मोठ्याने, स्पष्ट म्हणाले, "चहात दुःख नको."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तेवढ्यात कौसाबाईने पदर मागे सारला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणाशी तरी बोलली.

"चहात न्हाई, भन्तेजी. बाकी समद्यात हाय."

बोलता बोलता तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. ती हसली, आणि त्या हसण्यातूनच रडायला लागली. मी भन्तेंना काय घडलं ते सांगितलं. त्यांचे कान लाल झाले. तेही हसले, डोळे पुसले, खुर्चीवरून उठले आणि तिच्यासमोर जमिनीवर येऊन बसले.

मग तिने विचारलं. माझ्याकडे बघून नाही, त्यांच्याकडे बघून. "आपल्यात भूतबित मानत न्हाईत, मला माहीत हाय. सासऱ्यानं दीक्षा घेतल्यापासून या घरात असलं काही न्हाई. पण दुपारी टळटळीत उन्हात बादलीची कडी वाजती. मी पळत जाते, तर कोणी न्हाई. माझी सवी कुठं हाय? पाय घसरला का तिचा, का ती आपल्या पायानं गेली?"

मी इंग्रजीत सांगितलं. भन्ते तिच्याकडे वाकले. मग हळू इंग्रजीत म्हणाले, "मला माहीत नाही."

एवढंच. मी पुढच्या शब्दांची वाट पाहिली, ते आले नाहीत. कौसाबाई आता माझ्या तोंडाकडे बघत होती. ते डोळे मला सहन झाले नाहीत. मी म्हणाले, "भन्तेजी म्हणतात, तिचा पाय घसरला. तिला काही कळलंसुद्धा नाही. ती आता शांत आहे."

तिने जमिनीवर डोकं टेकलं. मग उठली, विहिरीकडे निघाली, आणि भन्तेही अनवाणी तिच्यामागे गेले. दुपारभर ते तिथे तिच्याबरोबर बसून राहिले. चारच्या सुमारास ती घरी आली आणि सगळ्यांदेखत अर्धी भाकरी खाल्ली.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला विचारलं, की तू तिला नेमकं काय सांगितलंस. मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, मी एक वाक्य बोललो आणि तेवढ्यात तू त्या मुलीला शांतीला पोचवलंस, तुमच्या एसटीपेक्षा पुष्कळ लवकर. मी हसले नाही. तेव्हा ते म्हणाले, "आज ती झोपेल, हे चांगलं आहे. पण ते माझ्या तोंडून गेलं. माझं मराठी होऊ दे, मी स्वतः येऊन ते शब्द परत घेईन."

त्यांचं मराठी व्हायच्या आत त्यांची किडनी बिघडली. त्यांना मायदेशी परत नेलं. तिकडून एके दिवशी माझ्या फोनवर त्यांच्या आवाजातला एक संदेश आला, कौसाबाईसाठी. मी तो ऐकला, आणि तिला ऐकवला नाही.

कारण कौसाबाई बरी होती. ती रोजाने कामाला जायला लागली होती. मला फोन करायची. एकदा म्हणाली, शेजारच्या गावातल्या वच्छलाबाईचा मुलगा असाच गेला, तर तिथे जाऊन मी सांगून आले, पाय घसरला, त्याला कळलंसुद्धा न्हाई, भन्तेजींनी सांगितलंय. मी हूं हूं करत राहिले. त्यानंतर शाळेत मधल्या सुट्टीत, हापशाजवळ कुणी बादली ठेवली आणि कडी वाजली, की माझ्या हातातला घास तसाच राहायचा. विज्ञानाचे सर एकदा म्हणाले, "मॅडम, कोणी हाक मारली का?" मी नाही म्हणाले.

भन्ते गेल्याची बातमी आली त्या रविवारी मी मंठ्याची एसटी धरली. कौसाबाईच्या अंगणात बसून फोन मधे ठेवला. त्यांचा आवाज थकलेला होता, पण मराठी त्यांचं स्वतःचं होतं.

"आई, मी उपसेन. त्या दिवशी मी म्हणालो, मला माहीत नाही. टीचर घाबरली, म्हणून दुसरं बोलली. तिला रागवू नका. मला आजही माहीत नाही. तुमच्याबरोबर मलाही माहीत नाही. मी रोज सविताचं नाव घेतो."

तिने ते तीनदा ऐकलं. मग विचारलं, "हा त्यांचा आवाज हाय. मंग त्या दिवशी कोण बोलत व्हतं?"

"मी," मी म्हणाले.

तिने फोन माझ्याकडे सरकवला. मी शिव्यांची वाट बघत होते. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी ती उठली, पायात चपला सरकवल्या.

"वच्छलाला मी काय सांगून आल्ते," ती म्हणाली. "चला बाई."

शेजारचं गाव शेतातल्या वाटेने अर्ध्या तासावर. ऊन डोक्यावर होतं. ती पुढे, मी मागे. वाटेत ती स्वतःशीच पुटपुटत होती, "तुझ्याबराबर मलाबी माहीत न्हाई," पुन्हा, आणि पुन्हा. वच्छलाबाई ओट्यावर वाळवण घालत होती. आम्हाला बघून तिचा चेहरा उजळला, आणि पदराने ओटा झटकून तिने आम्हाला बसायला जागा केली. कौसाबाईने न बघता मागे हात केला आणि माझं मनगट घट्ट धरलं.